एआरटी आणि हार्ट अटॅक : अबॅकॅव्हिरचा वाद

एचआयव्हीवर १९९६ नंतर तीन औषधं एकत्र द्यायला लागले (हीच एआरटी), पेशंट जगायला लागले आणि मग कुठे कोलेस्टेरॉलकडे लक्ष गेलं. २००३ मधे २३ हजारांवर पेशंटच्या पाहणीतून आलं की पहिल्या काही वर्षांत औषधांच्या दर वर्षामागे अटॅकचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो. ऐकून छातीत धस्स होतं, पण एकूण अटॅक होते हजार जणांमागे वर्षाला तीन-चारच, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.

खरा गोंधळ २००८ चा. अबॅकॅव्हिर हे एआरटीतलंच एक, रक्तातली चरबी न बिघडवणारं, साधं औषध म्हणून दिलं जायचं आणि त्याच पाहणीत चालू किंवा नुकतंच घेतलेल्यांमधे अटॅक जवळपास दुप्पट निघाले. लगेच दुसरी बाजू आली, की किडनी कमजोर असलेल्यांना टेनोफोव्हिर हे एआरटीतलं दुसरं औषध चालत नाही म्हणून त्यांना अबॅकॅव्हिर दिलं जातं, आणि किडनी बिघडलेल्याचं हृदय आधीच धोक्यात असतं, मग दोष गोळीचा कसा? पुढे अमेरिकेत २६ ट्रायल एकत्र करून बघितल्या, अबॅकॅव्हिर घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांत फरक दिसला नाही. मला तो निकाल कधीच पुरेसा वाटला नाही, कारण ट्रायलमधली माणसं बहुतेक तरुण आणि सरासरी दोन वर्षंही बघितलेली नव्हती, अटॅक काय दोन वर्षांत येतो का.

पण धोका गोळ्यांचाच असं धरून गोळ्या बंद करणं त्याहून वाईट, हे २००६ मधेच कळलं होतं. साडेपाच हजारांच्या ट्रायलमधे निम्म्यांची औषधं सीडीफोर (एचआयव्ही ज्या प्रतिकारपेशी मारतो त्यांची रक्तातली संख्या) ३५० च्या वर असताना थांबवली, २५० च्या खाली गेल्यावर परत सुरू केली. थांबवलेल्यांमधेच हृदयाचे, किडनीचे, लिव्हरचे त्रास जास्त झाले. म्हणजे व्हायरस मोकळा सुटला की शरीरात जो दाह (इन्फ्लमेशन) चालू राहतो तो रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही.

आपल्याकडे २००४ पासून सरकारी एआरटी फुकट मिळायला लागली तेव्हा भर स्टॅव्हुडिन या जुन्या औषधावर होता, गाल बसायचे त्यानेच. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्रॅव्हिर एकाच गोळीत मिळतं.

२०२३ मधे एचआयव्ही असलेल्या ४० ते ७५ वयाच्या, अटॅकचा धोका फार नसलेल्या ७,७६९ जणांच्या ट्रायलमधे रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने हृदयाच्या मोठ्या घटना (अटॅक, स्ट्रोक वगैरे) ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२४ मधे त्याच ट्रायलच्या आकड्यांतून अबॅकॅव्हिर पुन्हा वर आलं, आत्ता घेणाऱ्यांमधे आणि पूर्वी घेतलेल्यांमधेही धोका जास्त. आणि आपल्याकडे मोठ्या माणसांत ते आजही मुख्यतः टेनोफोव्हिर न चालणाऱ्यांना, म्हणजे बहुतेकदा किडनी बिघडलेल्यांनाच मिळतं.