खाडीच्या चिखलातली सोयरीक

ऐरोलीच्या बाजूने ओहोटीला पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या चिखलावर कधीकधी सोनेरी-तपकिरी झाक दिसते. नव्या माणसाला ती सांडपाण्याची साय वाटते. सांडपाणी ठाणे खाडीत येतं हे खरंच, पण असा तपकिरी थर बहुधा डायटम या एकपेशीय शैवालांचा असतो. रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, चोचीने चिखल गाळून जे पोटात घालतात त्यात हे डायटमही असतात. २०२२ साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाली तेव्हा फोटो छापून आले ते अर्थातच पक्ष्यांचे.

डायटमचं घर म्हणजे सिलिकाचा, झाकण असलेला डबा. पेशी दुभंगली की एका लेकीच्या वाट्याला झाकण येतं, दुसरीच्या वाट्याला बूड. दोघीही मिळालेला भाग झाकण म्हणून वापरतात आणि त्यात बसेल असं नवं बूड घडवतात. म्हणजे बूड वाट्याला आलेली लेक आईपेक्षा किंचित ठेंगणी राहते. मॅकडोनाल्ड आणि फित्झर या दोघांनी १८६९ साली, एकमेकांशी संबंध नसताना, हा हिशेब मांडला. असं पिढ्यानपिढ्या चाललं तर वंश झिजून संपेल. नेहमीची सुटका एकच: माप पुरेसं उतरलं की नर-मादी पेशींचं मीलन, आणि त्यातून कडक कवच नसलेली, फुगून पुन्हा मूळ मापाला जाणारी पेशी.

हे मीलन जुळतं कसं, याचा शोध फार उशिरा लागला. माझ्या मते त्यातली एक अडचण शास्त्रज्ञांच्या स्वच्छतेच्या सोवळ्यात होती. शैवाल अभ्यासायचं तर ते निर्भेळ हवं. जिवाणू म्हणजे भेसळ. धुवा, प्रतिजैविकं घाला, घालवा. गियार आणि रायदर यांनी १९६२ साली शैवाल वाढवण्यासाठी जे मिश्रण सुचवलं, ते पातळ करून आजही जगभर वापरतात. त्यात बी-१२ जीवनसत्त्व वेगळं घालावं लागतं. समुद्रात ते कोण घालतं, हा प्रश्न खरं तर तिथेच पडायला हवा होता.

१९७२ मध्ये बेल आणि मिचेल यांनी शैवालपेशीभोवतीच्या पाण्याला ‘फायकोस्फिअर’ असं नाव दिलं: पेशीतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी जिवाणू ओढले जातात तो परिसर. बी-१२चं उत्तर आलं २००५ साली. तपासलेल्या ३२६ शैवालजातींपैकी निम्म्याहून अधिक जातींना ते बाहेरून लागत होतं, आणि पुरवणारे होते जिवाणू. २०१५ मध्ये तर सल्फिटोबॅक्टर हा जिवाणू डायटमने सोडलेल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून ऑक्सिन बनवतो आणि डायटमची विभागणी वेगाने होते, असं दिसलं. ऑक्सिन म्हणजे रोपांच्या वाढीचं तेच संप्रेरक.

पण हे सगळं झालं खाण्यापिण्याचं आणि वाढीचं. सोयरिकीचं काय?

त्यासाठी कामी आला सेमिनाव्हिस रोबुस्टा हा युरोपच्या किनाऱ्यावरचा, तळावर थर करून राहणारा डायटम. बेल्जियममधल्या गेंट आणि जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी २०१३ साली त्याचा गंधदूत, म्हणजे जोडीदाराला ओढून आणणारं रसायन, ओळखला: प्रोलिन या अमिनो आम्लापासून बनणारं डायप्रोलिन. एका बाजूची पेशी आधी इशारा सोडते, त्याने दुसऱ्या बाजूची पेशी विभागणी थांबवून डायप्रोलिन सोडू लागते, आणि मग पहिली घसरत घसरत तिच्याकडे जाते. आपल्याकडे स्थळ बघायला जाण्याआधी निरोप जातात, तसंच काहीसं.

मग २०१९ मध्ये याच डायटमसोबत निसर्गात आढळणारे दोन जिवाणू तपासले गेले. रोझिओव्हॅरियसच्या सोबतीने मीलन किंचित वाढलं. मॅरिबॅक्टरने मात्र जमणारी लग्नं मोडली, तीही मोठ्या प्रमाणावर. संशोधकांचा अंदाज होता की पेशीचं विभागणीचं चक्रच बिघडत असणार. तसं नव्हतं. मॅरिबॅक्टरच्या पाझरातून डायटमच्या आतला अमिनो आम्लांचा कारभार बदलत होता, बचावाची द्रव्यं बनवण्याकडे पेशी वळत होती, आणि डायप्रोलिन कमी पडत होतं. मॅरिबॅक्टरने निरोप अडवला नव्हता. निरोप पाठवणारीच दुसऱ्या धावपळीत अडकली होती.

हा प्रयोग दोन जिवाणूंचा, काचेच्या भांड्यातला. ऐरोलीच्या चिखलात दिवसातून दोनदा भरती येते, आणि प्रत्येक भरतीबरोबर शेजारी बदलतात.