मुंबईचा रेडिओ क्लब आणि हॅमचा क्लब

दर १३ फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिनाला, आमच्या सांगलीतल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तोच निरोप येऊन पडतो: 'भारतात रेडिओ आणला मुंबईच्या हॅम क्लबने, १९२३ साली.' साल बरोबर, गाव बरोबर, क्लबही होता. मधे 'हॅम' तेवढा फुकटचा घुसलाय. हॅम म्हणजे परवाना काढून आपल्या ट्रान्समीटरवरून दुसऱ्या तशाच माणसाशी बोलणारा.

रेडिओ ऐकणं म्हणजे काय, हे १९६३ पासून आकाशवाणी सांगली ऐकणाऱ्यांना मी काय सांगणार? एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये हेच केलं. नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबने, आणि ३१ जुलै १९२४ ला मद्रासच्या. मद्रासवाल्यांचा ट्रान्समीटर सुरुवातीला अवघा ४० वॅटचा, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढा. १९२७ मध्ये पैसे संपले आणि क्लबचं प्रसारण थांबलं. माणसं हौशीच होती, पण करत होती ते प्रसारण. ऐकणाऱ्याने उलट बोलावं अशी सोयही नव्हती आणि अपेक्षाही नव्हती.

हॅमच्या बाबतीत उत्तर आलं तरच काही घडलं म्हणायचं. 'सीक्यू, सीक्यू' अशी हाक घालायची, आपला कॉलसाइन, म्हणजे हॅमची अक्षर-आकड्यांची ओळखखूण, सांगायचा आणि कान देऊन बसायचं. कुणीतरी आपला कॉलसाइन सांगत ओ देतं, तुमचा आवाज कसा पोचतोय ते कळवतं, तुम्ही त्याचं कळवता. मग बोलणं झाल्याची पोच म्हणून एकमेकांना पोस्टाने क्यूएसएल कार्ड. दोघांकडे ट्रान्समीटर, दोघांकडे परवाना. गाणी लावायची नाहीत, जनतेसाठी कार्यक्रम करायचे नाहीत. असे लोक आपल्याकडे क्लबांच्या प्रसारणाआधीच होते: कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू १९२१ मध्ये 'टू जेके' या कॉलसाइनवर बोलत होते. देशभरच्या हॅम मंडळींची संघटना मात्र १९४८ ची, महूला स्थापन झालेली. म्हणजे मुंबईच्या क्लबानंतर पंचवीस वर्षांनी.

गोंधळाला नावही जबाबदार आहे, हे मान्य. न्यूयॉर्कच्या पोरांनी १९०९ मध्ये बिनतारीचा एक क्लब काढला, १९११ मध्ये त्याचं नाव झालं 'रेडिओ क्लब ऑफ अमेरिका'. ते खरोखरचे हॅम. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांच्या केंद्राचा संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडला ऐकू गेला. 'रेडिओ क्लब' ही पाटी तिकडेही आणि मुंबईतही, आत चाललेलं काम वेगळं.

१९४२ चा काँग्रेस रेडिओही कुणीतरी यात ओढतंच, पत्री सरकारच्या मुलखात तो विषय निघायचाच. तो चोरून चालायचा, पण होतं प्रसारणच. पुढे चला.

हॅमच्या कामाला इंग्रजीत 'अमॅच्युअर रेडिओ' म्हणतात; माझा खरा राग त्याच्या 'हौशी रेडिओ' या भाषांतरावर आहे. हौशी नाटक म्हटलं की जसं तालमीला वेळेवर न येणारं मंडळ डोळ्यांपुढे येतं, तसं हौशी रेडिओ म्हटलं की फर्माईशी पाठवणारे श्रोते आठवतात. परीक्षा देऊन केंद्र सरकारकडून परवाना काढणाऱ्या माणसाला सरळ हॅम म्हणा. सगळ्यांना कळतं.

परवान्यावरून आणखी एक घोळ होतो, आणि तो घरोघरी आहे. पूर्वी साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागायचं. त्यासाठी परीक्षा नव्हती, दर वर्षी पैसे भरले की झालं. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं आणि लायसन्सची ती पुस्तकं ट्रंकेत गेली. आता माळा झाडताना ती सापडतात आणि नातवंडं सांगत सुटतात, आमचे आजोबा हॅम होते.

गेल्या दिवाळीत विश्रामबागेतल्या एका मित्राने असंच पुस्तक मोठ्या अभिमानाने हातात दिलं. मी म्हटलं, "कॉलसाइन दाखव की." त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. रेडिओची कंपनी लिहिली होती, आजोबांचं नाव होतं, आणि पोस्टाचे शिक्के, वर्षागणिक एक.