खोटी साक्ष

शपथेवर, किंवा कायद्याने खरे बोलण्याचे बंधन घातलेले असताना, जे खोटे असल्याचे ठाऊक आहे अथवा जे खरे असल्याचा स्वतःलाच विश्वास नाही, असे विधान जाणूनबुजून करणे या गुन्ह्याला खोटी साक्ष म्हणतात. भारतीय दंड कायद्याच्या मराठी पाठात ‘खोटा पुरावा देणे’ असा शब्दप्रयोग आहे. धर्मशास्त्रात खोट्या साक्षीदाराला ‘कूटसाक्षी’ म्हटले आहे, तर वकिलांच्या बोलण्यात ‘पर्जरी’ हा शब्द रुळला आहे. ‘शपथभंग’ हा पर्यायही वापरला जातो, पण तो काहीसा फसवा आहे. पदग्रहणाची शपथ घेऊन ती न पाळणे हाही शपथभंगच, परंतु ती खोटी साक्ष नव्हे.

या गुन्ह्याचे मर्म विधान आणि वस्तुस्थिती यांच्यातील अंतरात नसून विधान आणि बोलणाऱ्याचे मन यांच्यातील अंतरात आहे. त्यामुळे विसरलेला, गोंधळलेला किंवा प्रामाणिकपणे चुकलेला साक्षीदार दोषी ठरत नाही. याची दुसरी बाजू अधिक विलक्षण आहे. भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम १९१ खाली दिलेल्या एका उदाहरणात, अमुक माणूस अमुक दिवशी अमुक ठिकाणी होता हे आपल्याला माहीत आहे, असे एक साक्षीदार शपथेवर सांगतो. प्रत्यक्षात त्याला त्याबद्दल काहीच ठाऊक नसते. तो माणूस तेथे खरोखरच असला, तरीही साक्ष खोटीच ठरते, कारण खोटे आहे ते ‘मला माहीत आहे’ एवढेच. हीच व्याख्या आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ मध्ये आली आहे.

याच्या नेमका उलट प्रसंग अमेरिकेत घडला. चित्रपटनिर्माते सॅम्युएल ब्रॉन्स्टन यांना दिवाळखोरीच्या कार्यवाहीत विचारण्यात आले, ‘स्विस बँकांमध्ये तुमची खाती आहेत का?’ ते म्हणाले, ‘नाही.’ ‘कधी होती का?’ या पुढच्या प्रश्नावर उत्तर आले, ‘कंपनीचे एक खाते सुमारे सहा महिने झुरिकमध्ये होते.’ हे अक्षरशः खरे होते. मात्र त्यांचे स्वतःचे खाते पूर्वी जिनिव्हात होते, ही गोष्ट त्यांनी अलगद बाजूला ठेवली. १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दोषसिद्धी एकमताने रद्द केली. उत्तर टाळले जात असेल तर नेमका प्रश्न विचारून साक्षीदाराला कोंडीत पकडणे हे उलटतपासणी घेणाऱ्याचे काम आहे, असा निकालाचा आशय होता. फसवण्याचा हेतू असूनही शब्द खरे असतील तर सुटका, हे अनेकांना खटकते. परंतु दंडाची भीती मनातल्या हेतूंपर्यंत ताणली, तर प्रामाणिक साक्षीदारही पिंजऱ्यात उभा राहायला कचरेल.

इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यानुसार खोटे विधान त्या कार्यवाहीच्या दृष्टीने महत्त्वाचे असावे लागते. केवळ वय दोन वर्षांनी कमी सांगणे सहसा पुरत नाही. भारतातील मूळ व्याख्येत अशी अट नाही. इंग्लंडमधील आणि भारतातील कमाल शिक्षा साधारणतः सात वर्षांची आहे, अमेरिकेच्या संघीय कायद्यात ती पाच वर्षे आहे. भारतात आरोपीला विचारलेल्या प्रश्नांना त्याने शपथेविना खोटी उत्तरे दिली, तर त्याबद्दल शिक्षा होत नाही. साक्षीदाराला ही सवलत नाही.

गुन्हा सिद्ध करणे अवघड असते. इंग्लंडमध्ये विधान खोटे होते हे केवळ एका साक्षीदाराच्या शब्दावर ठरवता येत नाही. भारतात न्यायालयात दिलेल्या खोट्या साक्षीबद्दल कोणीही उठून खटला भरू शकत नाही. न्यायालयालाच न्यायहितार्थ तक्रार करणे इष्ट वाटावे लागते, म्हणूनच फितूर झालेल्या साक्षीदारांच्या मानाने असे खटले फारच थोडे दिसतात. एक वाट मात्र कायद्याने मोकळी ठेवली आहे. दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर ‘त्याने सोट्याने मारले’ आणि सत्र न्यायालयात शपथेवर ‘त्याने मारलेच नाही’ असे सांगणाऱ्यावर वैकल्पिक दोषारोप ठेवता येतो. दोहोंपैकी कोणते विधान खोटे, हे सिद्ध करावे लागत नाही.

कधीकधी हा गुन्हा दुसऱ्या गुन्ह्याच्या जागी उभा राहतो. अमेरिकी परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी अल्जर हिस यांच्यावर १९३० च्या दशकात गोपनीय कागद सोव्हिएत हेरांकडे पोहोचवल्याचा आरोप होता, पण हेरगिरीचा खटला भरण्याची मुदत उलटून गेली होती. ते कागद दिल्याचे त्यांनी ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, शपथेवर नाकारले होते. १९५० मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, ती या नकाराबद्दल.