गुदाशयाच्या प्रारंभिक कर्करोगातील शस्त्रक्रियापूर्व किरणोपचार

गुदाशय हा मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंमी. लांबीचा भाग. तो श्रोणीच्या हाडांमधील अरुंद जागेत मूत्राशय, गर्भाशय किंवा प्रोस्टेट यांना खेटून असल्याने गाठीभोवतीचे निरोगी ऊतक ऐसपैस घेऊन कापणे कठीण जाते आणि मागे उरलेल्या पेशींतून तेथेच रोग पुन्हा उद्भवू शकतो. तो टाळण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार देतात. रोज ५ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) असे ५ दिवस हा छोटा क्रम. ४५ ते ५०.४ ग्रे मात्रा पाच-सहा आठवड्यांत विभागून, सोबत केमोथेरपीच्या गोळ्या किंवा सलाइन, हा लांब क्रम. किरण देताना मूत्राशय बहुधा भरलेले ठेवण्यास सांगतात. त्यामुळे लहान आतडे वर ढकलले जाऊन झोतापासून दूर राहते.

१९९७ च्या स्वीडिश चाचणीत छोट्या क्रमामुळे स्थानिक पुनरुद्भव २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला. मात्र गुदाशय त्याच्या भोवतालच्या मेदावरणासह अखंड काढण्याचे ब्रिटिश शल्यविशारद बिल हील्ड यांचे तंत्र रूढ झाल्यावर चित्र पालटले. या तंत्राने केलेल्या शस्त्रक्रियांच्या २००१ मधील डच चाचणीत दोन वर्षांनंतरचा पुनरुद्भव किरणांविनाही ८.२ टक्केच होता. किरणांमुळे तो २.४ टक्क्यांवर आला, पण जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

गाठ आतड्याच्या स्नायुथरापलीकडे गेलेली नाही आणि लसीका ग्रंथी मोकळ्या आहेत, अशा प्रारंभिक अवस्थेत (टी-१, टी-२) तर चांगल्या शस्त्रक्रियेनंतर पुनरुद्भव मुळातच विरळा असतो. उलट किरणांची किंमत आयुष्यभर मोजावी लागू शकते: शौचाची घाई, दिवसातून अनेकदा जावे लागणे, मलावरील ताबा सुटणे, लैंगिक तक्रारी, वंध्यत्व, अकाली रजोनिवृत्ती. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या अवस्थेत, चाचणीचा भाग नसल्यास, शस्त्रक्रियापूर्व किरणोपचार देऊ नये. एमआरआय आणि गुदमार्गे केलेली सोनोग्राफी यांतून अवस्था नेमकी ठरवणे इथे निर्णायक ठरते, कारण टी-२ आणि टी-३ (स्नायुथरापलीकडे गेलेली गाठ) यांतील सीमारेषा चित्रात नेहमीच ठळक दिसत नाही.

तरीही हा उपचार प्रारंभिक रोगात वेगळ्या हेतूने परतला आहे, तो गुदाशय वाचवण्यासाठी. लहान टी-१ गाठ गुदमार्गे खरवडून नव्हे, तर आतड्याच्या भित्तीच्या पूर्ण जाडीसह कापून काढता येते. टी-२ मध्ये मात्र ग्रंथींत दडलेल्या रोगाचा धोका अधिक असल्याने एवढे पुरत नाही. अशा वेळी आधी किरण देऊन गाठ आक्रसू द्यायची आणि काही आठवड्यांनी उरलेला भाग काढायचा, असा मार्ग ‘ट्रेक’ या छोट्या चाचणीत अवलंबला. हा मार्ग अवलंबलेल्या गटातील सुमारे ७० टक्के रुग्णांचा गुदाशय टिकला. गाठ पूर्ण विरघळल्यास शस्त्रक्रियाच न करता नजर ठेवण्याची पद्धत ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी पुढे आणली. यात दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय पहिली दोन-तीन वर्षे काटेकोरपणे, दर काही महिन्यांनी करावी लागते, कारण गाठ पुन्हा वाढलीच तर ती बहुतेकदा याच काळात वाढते आणि त्यानंतरची मोठी शस्त्रक्रिया किरण लागलेल्या ऊतकात करावी लागते, जिथे जखम सावकाश भरते.