मीठ तोडल्यानं गरोदरपणातलं बीपी टळत नाही
कोल्हापुरात गरोदर सुनेच्या ताटातून आधी तांबडा रस्सा जातो, मग मीठ. ‘तिखट-मिठानंच बीपी चढतं’ हा समज पक्का आहे, पण चुकीचा. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा गंभीर आजार, टाळण्यासाठी मीठ तोडा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. धोका खरा वाढतो तो पहिलं बाळंतपण, जुळं, पस्तिशीपुढचं वय, लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा आधीपासूनचं बीपी असेल तर. आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगाच, ही गोष्ट हमखास राहून जाते. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा गावचं आरोग्य केंद्र, प्रत्येक तपासणीला बीपी मोजून घ्या. 140/90 किंवा त्यावर गेलं, डोकं फार दुखलं, अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.