पीएसए कोणी करायची, कधी करायची

सोलापुरात हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतलं की साखर-कोलेस्टेरॉलसोबत पीएसए, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणीसुद्धा होऊन जाते, वय कुणी विचारत नाही. खरं तर या तपासणीत वयालाच सगळं महत्त्व आहे.

लघवीची धार बारीक होणं, रात्री तीन-चारदा उठावं लागणं, हे बहुतेक वेळा साध्या प्रोस्टेटवाढीमुळे असतं. त्यासाठीही डॉक्टरांना दाखवायचंच. कॅन्सर मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून लांब सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या सल्ल्याप्रमाणे तपासणीबद्दल डॉक्टरांशी 50 व्या वर्षी बोलावं. वडिलांना किंवा भावाला 65 च्या आत हा कॅन्सर झाला असेल तर 45 व्या वर्षी, आणि कमी वयात झालेले असे एकाहून जास्त जवळचे नातलग असतील तर 40 व्या वर्षीच. सत्तरीनंतर तक्रार नसताना सरसकट तपासणी नको, असं अमेरिकी तज्ज्ञगटाने 2018 मध्ये सांगितलं. आपल्याकडच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हेच कॅन्सर आहेत, म्हणून इथे स्वतःच विचारावं लागतं.

रक्त देताना उपाशी राहायची गरज नाही, पण आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळा. रोज पहाटे सिद्धेश्वर तलावापर्यंत सायकल मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण सीटचा दाब ग्रंथीवर येऊन आकडा चढू शकतो. लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल तर तो बरा झाल्यावर सहा आठवडे थांबा. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असेल तर ते नक्की सांगा. सहा महिने-वर्षभरात ती पीएसएचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणते. म्हणजे रिपोर्टमधला 2.5 प्रत्यक्षात 5 च्या आसपास असू शकतो, आणि इथेच कॅन्सर नजरेआड होतो.

मिलिलिटरमागे 4 नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा तपासा. तरीही जास्तच आला तर युरोलॉजिस्ट गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात, एमआरआय सांगतात आणि संशय असेल तिथून बायोप्सीचे, म्हणजे तपासायला ग्रंथीचे छोटे तुकडे घेतात. एमआरआयआधी बायोप्सीची घाई नको.

बायोप्सीत कमी धोक्याचा कॅन्सर निघाला तर ऑपरेशन लगेच करावंच लागतं असं नाही. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता कमी होऊ शकते, म्हणून अशा रुग्णांना ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी करत देखरेखीखाली ठेवतात.