मधली संस्था पैसे खाते का? हिशेब कसा वाचायचा

‘शहराची मोठी संस्था वस्तीतल्या छोट्या संस्थांना पैसे वाटते म्हणजे मधली दलालीच, तुमच्या देणगीतलं निम्मं ऑफिसातच जिरतं.’ हा मेसेज पुण्यात वर्षानुवर्षं फिरतोय. देणगीचा पैसा कष्टाचा असतो, त्यामुळे शंका येणं स्वाभाविक आहे.

मुळात ही रक्कम सहसा एकरकमी दिली जात नाही. पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीत, एखाद्या संस्थेला बालवाडी चालवायची आहे असं धरा. ती अंदाजपत्रक देते, मोठ्या संस्थेची माणसं येऊन बघतात, पहिला हप्ता मिळतो. खर्चाच्या पावत्या आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, गेल्यावरच पुढचा. हे राबवायलाही माणसं लागतात, त्यांचा पगार द्यावाच लागतो.

गोंधळ पगार या शब्दाचाच आहे. बालवाडीच्या ताईंचं मानधन, दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं, हेच तर काम! ते ‘ऑफिस खर्च’ म्हणून मोजलं की चित्र उलटं दिसतं.

तपासणं अवघड नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार नोंदलेल्या न्यासांच्या, म्हणजे ट्रस्टच्या, हिशेबात परिशिष्ट ९, म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक, असतं. त्यात आस्थापना खर्च, म्हणजे ऑफिस चालवण्याचा खर्च, वेगळा आणि उद्दिष्टांवरचा वेगळा दाखवतात. उद्दिष्टांखाली शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण असे रकानेही आहेत. मोठ्या संस्थेकडे हे पत्रक सरळ मागा. मग वस्तीतल्या संस्थेचंही पत्रक घ्या आणि इथून गेलेली रक्कम तिथे जमा दिसते का, ते ताडून पाहा. कुठे टाळाटाळ झाली, तर त्या संस्थेला देणगी देऊ नका.